गावातून जाणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० ची मर्यादा कशी मिळवायची: ग्रामसभेच्या ठरावापासून तांबड्या गोलापर्यंत

आमच्या गावची शाळा रस्त्याच्या पल्याड आणि निम्म्याहून जास्त वस्ती अल्याड. शाळेच्या फाटकाच्या जरा आधी वळण आहे. सकाळी सव्वादहाला पोरं कडेला घोळक्यानं उभी राहतात, थोरली धाकट्याचं मनगट घट्ट धरते, दोन्हीकडे बघते, आणि मग सगळी एकदम पळत सुटतात. शाळेत जायला पोरांना जीव मुठीत धरून पळावं लागतं, हे रोज बघून आमच्यापैकी काही जणांनी अर्ज करायचं ठरवलं.

पहिल्या अर्जात एकच वाक्य होतं: ‘गावातून वाहने भरधाव वेगाने जातात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ आठ महिन्यांनी उत्तर आलं, ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ आठ महिने चुकीच्या टेबलावर गेले. आणि खरं सांगायचं तर तो अर्ज बरोबर टेबलावर पोचला असता तरी अभियंत्याच्या हाती लागेल असं त्यात काहीच नव्हतं. कुठल्या जागी, किती वेग, किती मर्यादा हवी, कशाच्या आधारावर, सगळंच मोघम. दुसऱ्या खेपेला आम्ही आधी मोजलं आणि मग मागितलं. ते सगळं इथे क्रमानं देतोय.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा

रस्ता गावातून जातो म्हणून तो ग्रामपंचायतीचा होत नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे कागदोपत्री ‘प्रजिमा’, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा प्रकल्प संचालक किंवा बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. पण रस्त्यांची दर्जोन्नती होत राहते आणि दगड जुनेच राहतात, त्यामुळे दगडावर विसंबू नका. बांधकाम उपविभागात जाऊन कनिष्ठ अभियंत्याला विचारा, रस्त्याचा क्रमांक आणि आपल्या गावाची साखळी, म्हणजे किलोमीटर किती ते किती, लिहून घ्या. ‘प्रजिमा अमुक, किमी १४/२०० ते १५/०००’ असं अर्जात लिहिलं की तो अर्ज ‘योग्य त्या कार्यालयाकडे’ भटकत नाही.

साखळी कळली की अर्ध्या तासाचं काम आठ महिने वाचवतं.

मर्यादा ठरवण्याचा अधिकार कोणाला

ग्रामपंचायत स्वतः वेगमर्यादा लावू शकत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ११२ सांगतं की सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या, पुलाच्या स्वरूपामुळे गरज असेल तर राज्य शासन किंवा शासनानं अधिकार दिलेलं प्राधिकरण राजपत्रात अधिसूचना काढून आणि योग्य ती चिन्हं उभारून मर्यादा ठरवू शकतं. चिन्हं उभारण्याबद्दल कलम ११६ आहे, आणि ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारची वाहनं रोखण्याबद्दल कलम ११५. जिल्ह्यात अशा विषयांचे आदेश निघतात ते जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक यांच्या स्तरावर, रस्त्याची मालकी असलेल्या खात्याच्या अहवालावरून.

केंद्रानं ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत द्रुतगती, चौपदरी आणि महापालिका हद्दीतले रस्ते सोडून इतर रस्त्यांवर मोटारीला ताशी ७०, दुचाकीला आणि मालवाहू वाहनाला ६० अशी कमाल मर्यादा दिली. हा वरचा आकडा झाला. त्याच्या खाली यायची मुभा कायद्यातच आहे. म्हणून ‘गावातून साठनं जाणं कायदेशीरच आहे’ असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका, कलम ११२ दाखवा.

याच कलमात एक उपयोगी सवलत आहे. वेगाचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही. गावची यात्रा किंवा गळीत हंगामाचा पहिला महिना, एवढ्यापुरती मर्यादा मागणं हा चांगला पहिला डाव आहे. महिनाभर काय फरक पडला ते मोजता येतं आणि पुढच्या कायमच्या मागणीला तोच पुरावा होतो.

‘वाहने सावकाश चालवा’ हा फलक म्हणजे विनंती. पांढऱ्या तबकडीवर तांबडी कड आणि आत काळा आकडा, हा आदेश, आणि तो मोडला तर कलम १८३ खाली दंड: हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,०००. मागायचं ते हे दुसरं.

वेग मोजा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. यंत्र लागत नाही. टेप, चुन्याची फक्की, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि वही पुरते.

रस्त्याच्या सरळ टप्प्यात कडेला दोन खुणा करा, बरोबर १०० मीटर अंतरावर. आम्ही एक खूण दूध संकलन केंद्राच्या कट्ट्यासमोर आणि दुसरी विजेच्या खांबाजवळ केली. वाहनाचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की तिथला माणूस हात खाली करतो, दुसऱ्या खुणेजवळचा घड्याळ सुरू करतो आणि चाक त्याच्यासमोर आलं की बंद करतो. ३६० ला सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. ९ सेकंद लागले तर ४०, ६ सेकंद लागले तर ६०, साडेचार सेकंदांत गेलं तर ८०. हाताच्या घड्याळात थोडी चूक राहते, म्हणून एका वाहनावरून काही ठरवू नका. किमान १०० वाहनं मोजा, आणि तीन वेळांना: शाळा भरताना, भर दुपारी, आणि संध्याकाळी दिवेलागणीला.

रस्त्यावर उभं राहायचं नाही, कोणाला हात करायचा नाही, चालकांचे चेहरे टिपायचे नाहीत. चमकणारं जाकीट घालून मोजणी केलीत तर चालकाला वाटतं पोलिस आहेत आणि सगळेच हळू होतात. पारावर, दुकानाच्या ओट्यावर बसून मोजा. वहीत प्रत्येक ओळीला वेळ, वाहनाचा प्रकार, सेकंद. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि डंपर वेगळे लिहा, पुढे कलम ११५ साठी त्यांचा उपयोग होतो.

मग १०० वेग चढत्या क्रमानं लावा आणि ८५ वा आकडा बघा. रस्ता अभियंते याच आकड्याकडे बघतात: शंभरातली ८५ वाहनं याच्यावर जात नाहीत, असा वेग. आपला ८५ वा आकडा ६२ आला असेल आणि आपण नुसता ३० चा फलक मागितला, तर अभियंता म्हणणार की पाळणार कोण? त्याचं बरोबर आहे. फरक एवढा मोठा असेल तर फलकाबरोबर रस्त्यात बदलही मागावे लागतात. त्याबद्दल पुढे येतंच.

एक गोष्ट मनाची तयारी करून ठेवा. आमच्या वहीत सगळ्यात जोरात गेलेल्या वाहनांत आमच्याच गावची पोरंही होती. ती ओळ खोडली नाही. ग्रामसभेत कोणी म्हटलं की बाहेरच्यांमुळे त्रास आहे, तेव्हा वही पुढे केली, आणि त्यानंतरची चर्चा जास्त प्रामाणिक झाली.

नजर किती लांब जाते ते मोजा

वेगाच्या आकड्यापेक्षाही आमच्या कामी आला तो हा दुसरा आकडा. गाडीला थांबायला किती अंतर लागतं, याचं कोष्टक इंडियन रोड्स काँग्रेसनं दिलेलं आहे आणि बांधकाम खात्यातला प्रत्येक अभियंता ते ओळखतो: ताशी ३० ला ३० मीटर, ४० ला ४५, ५० ला ६०, ६० ला ८० आणि ८० ला १२० मीटर. चालकाला दिसून, कळून, ब्रेक दाबून गाडी उभी राहीपर्यंतचं हे अंतर. वेग दुप्पट झाला की अंतर दुपटीहून बरंच जास्त वाढतं, ते या आकड्यांतच दिसतं.

आता वळणावर जा. गाडीत बसलेल्या माणसाचा डोळा साधारण १.२ मीटर उंचीवर असतो, तेवढं वाका. दुसऱ्या माणसाला पोरं रस्ता ओलांडतात त्या जागी उभं करा, त्याच्या पायाशी वीतभर उंचीचा खोका ठेवा, आणि खोका पहिल्यांदा दिसतो तिथून टेप धरा. आमच्याकडे ५२ मीटर निघाले. म्हणजे ४० नं येणारा थांबू शकतो, ५० नं येणारा नाही, आणि आमच्या वहीतला ८५ वा आकडा त्याहून वर होता. अर्जात हे चार ओळींत मांडलं. ‘भरधाव’ हा शब्द एकदाही वापरला नाही.

पावसाळ्यानंतर परत मोजा. वळणाच्या आतल्या बाजूला घाणेरी आणि वेड्या बाभळी माजल्या की ५२ चे ३५ होतात. झाडोरा काढण्याची मागणी त्याच अर्जात घाला, ती बहुधा सगळ्यात आधी आणि सगळ्यात कमी खर्चात मान्य होते.

अपघातांची नोंद

पोलिस ठाण्यातून त्या साखळीतल्या मागच्या तीन वर्षांच्या अपघातांची संख्या, तारखा आणि गंभीर दुखापती, मृत्यू यांची माहिती मागा. तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकारात: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक अर्ज एक विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे साधारण १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. पोलिसांत न गेलेले अपघातही लिहा, पण वेगळ्या रकान्यात. घसरून हात मोडला, गाय दगावली, सायकलीला धक्का लागला, हे गावाला ठाऊक असतं, कागदाला नसतं. आशाताई आणि पोलिस पाटील यांच्याकडे बसलात की अर्ध्या यादीची आठवण तिथेच निघते. माणसांची नावं अर्जात घालू नका, तारीख आणि जागा पुरे.

‘हा ब्लॅक स्पॉट नाही’ हे उत्तर तुम्हाला कधीतरी मिळणार. ब्लॅक स्पॉटची केंद्राची व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. ती मोठ्या दुरुस्तीच्या कामांची निवड करण्यासाठी आहे. कलम ११२ मध्ये मृतांची संख्या कुठेही लिहिलेली नाही. दहा जण जाईपर्यंत थांबा असं कायदा म्हणत नाही, आणि हे वाक्य आम्ही स्थळपाहणीच्या दिवशी शांतपणे, पण सगळ्यांसमोर म्हटलं.

ग्रामसभेचा ठराव

शंभर सह्यांच्या अर्जापेक्षा ग्रामसभेच्या एका ठरावाला वजन जास्त, कारण तो इतिवृत्तात राहतो आणि सरपंच बदलला तरी पुसला जात नाही. विषय आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या, म्हणजे तो नोटिशीतल्या विषयपत्रिकेवर येईल. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घातलात तर शेवटी अर्धी माणसं उठून गेलेली असतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या लागते. त्याआधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. रस्ता दिवसातून सहा वेळा ओलांडणाऱ्या तिथे बसलेल्या असतात, आणि कुठल्या जागी खरी भीती वाटते ते त्या नेमकं बोट ठेवून सांगतात. आमच्या अर्जातली पिण्याच्या पाण्याच्या टाकीसमोरची जागा त्यांनी सांगितली, आमच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

ठराव असा लिहा:

‘मौजे ……, प्रजिमा क्र. ……, किमी …… ते …… या गावठाणातील लांबीत शाळा, अंगणवाडी व पाण्याची टाकी रस्त्यालगत असून ग्रामस्थांनी दि. …… रोजी केलेल्या मोजणीत ८५ टक्के वाहनांचा वेग ताशी …… किमीपर्यंत आढळला. वळणावरील दृष्टिअंतर …… मीटर आहे. सबब सदर लांबीत मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११२ अन्वये कमाल वेगमर्यादा ताशी ३० किमी निश्चित करावी, कलम ११६ अन्वये चिन्हे उभारावीत, वाहतूक संथ करण्याच्या उपाययोजना कराव्यात व त्यापूर्वी संयुक्त स्थळपाहणी करावी, अशी शिफारस ही ग्रामसभा करीत आहे.’ खाली सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते किंवा किती मतांनी.

विरोध झाला तर तोही नोंदवू द्या. आमच्याकडे ढाब्याच्या आणि टेम्पोच्या मालकांनी हरकत घेतली. किलोमीटरभराच्या गावात ६० ऐवजी ३० नं गेलं तर एक मिनिट जास्त लागतं, हे फळ्यावर मांडून दाखवलं. त्यांच्यातलाच एक जण पुढे स्थळपाहणीला आला.

शाळा व्यवस्थापन समितीचं आणि दूध संस्थेचं पत्र सोबत जोडा.

अर्ज कुठे द्यायचा

मूळ अर्ज रस्त्याच्या मालक खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला. प्रती जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं, तसंच पोलिस अधीक्षकांना, उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना आणि आमदारांना. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रतीवर ‘हा विषय रस्ता सुरक्षा समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा’ असं स्वतंत्र वाक्य लिहा. ते नसेल तर प्रत फाइलमध्ये नुसती लागते.

आवक-जावक टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पुढचं सगळं त्या निळ्या शाईतल्या क्रमांकावर चालतं. एक महिन्यानं स्मरणपत्र, त्यात तो क्रमांक. आणखी एका महिन्यानं माहिती अधिकारात एकच प्रश्न: आवक क्रमांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी.

जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे गावाच्या वतीनं सामुदायिक निवेदन घेऊन जाऊ नका, वैयक्तिक तक्रारच स्वीकारतात. ज्याचं घर रस्त्याला लागून आहे, ज्याचं मूल त्या शाळेत जातं, अशा एकानं स्वतःच्या नावानं अर्ज करावा आणि ठराव सोबत जोडावा.

२०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९८ अ लक्षात ठेवा: रस्त्याच्या आरेखनाचे, बांधणीचे, देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या मते पहिल्या अर्जात हे घालू नये. पहिल्या अर्जात माणूस जोडायचा असतो. दुसऱ्या स्मरणपत्रात घाला.

स्थळपाहणीचा दिवस

अभियंता, वाहतूक पोलिस आणि मोटार वाहन निरीक्षक एकत्र आले तर उत्तम. पन्नास माणसं गोळा करू नका, घोषणा नकोत. चार-पाच जण, वही, टेप. शाळा भरण्याची किंवा सुटण्याची वेळ मागून घ्या. रिकाम्या रस्त्यावर दुपारी अडीचला पाहणी झाली तर धोका कोणाला दिसणार? आमच्या दिवशी अभियंत्यांना विनंती केली की साहेब, एकदा तुम्हीच वाकून बघा. ते वाकले, बाभळीमागून येणारा डंपर त्यांना उशिरा दिसला, आणि त्यांनी स्वतःच टेप मागितला.

गाव एका सुरात ‘गतिरोधक द्या’ म्हणणार. याबद्दल माझं मत ठाम आहे: गतिरोधक हा एकटा उपाय नाही, आणि मनानं घातलेला गतिरोधक जीव घेतो. अपघात झाला, रास्ता रोको झाला, रातोरात डांबराचा उंचवटा टाकून दिला, ना रंग ना फलक, आणि पुढच्याच आठवड्यात दुचाकीवर मागे बसलेली बाई डोक्यावर पडली, हे किती गावांत झालंय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ नं सुखरूप ओलांडता यावा असा, आणि त्याच्या ४० मीटर आधी इशाऱ्याचा फलक. याच मापाचा मागा. राष्ट्रीय महामार्गावर मात्र गतिरोधक नकोत असं केंद्राचं धोरण आहे. तिथे इतर उपाय मागा.

ते इतर उपाय असे. वेशीवर दोन्ही बाजूंनी गावाच्या नावाचा ठळक फलक आणि त्याखालीच ३० चा गोल, म्हणजे चालकाला गाव लागल्याचं कळतं. कडेच्या पांढऱ्या रेषा जरा आत घेऊन वाहनाची पट्टी अरुंद करणं, रस्ता अरुंद वाटला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. शाळेसमोर उंच केलेलं पादचारी ओलांडण, रात्रीसाठी रस्त्यात बसवलेले चमकणारे खुंट, म्हणजे रोड स्टड. रंबल पट्ट्या, म्हणजे चाकाला धक्के देणाऱ्या कमी उंचीच्या आडव्या पट्ट्या, वेशीच्या बाहेर, घरांपासून लांब ठेवायला सांगा. घरासमोर घातल्या तर रात्रभर प्रत्येक ट्रकला खडखडाट होतो आणि महिन्याभरात तीच माणसं त्या काढा म्हणून अर्ज करतात. पावसाचं पाणी कुठे वाहतं ते अभियंत्याला दाखवा, नाहीतर पहिल्याच पावसात उंचवट्यामागे तळं साचतं.

पाहणीचा लेखी अहवाल होतो, त्याची प्रत मागा. पैशांचा प्रश्न आला तर फलक आणि रंग यांचं अंदाजपत्रक वेगळं करायला सांगा. ते लहान असतं आणि लवकर निघतं. मोठ्या कामासाठी आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समिती.

फलक लागल्यावर

त्याच चुन्याच्या खुणांवर, त्याच वेळांना, परत १०० वाहनं मोजा. एकदा महिन्यानं, एकदा सहा महिन्यांनी. सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ८५ वा आकडा पाच-सहानं जरी खाली आला तरी ती बातमी अभियंत्याला आणि पोलिस ठाण्याला लेखी कळवा. आकडा हलला नसेल तर तेही कळवा, आणि कोणत्या वेळी वेग जास्त असतो ते सांगून त्या वेळेला वेगमापक गाडी मागा. ‘रोज कारवाई करा’ यापेक्षा ‘मंगळवार ते शुक्रवार, सकाळी साडेनऊ ते साडेदहा’ ही मागणी पोलिसांना झेपते.

ऊसपट्ट्यात असाल तर ऑक्टोबरमध्येच कारखान्याच्या शेती विभागाला भेटा. ट्रॉलीला मागे तांबडे परावर्तक आणि गावातून जाण्याचा वेग, एवढ्या दोन गोष्टी वाहतूकदारांना सांगायला लावा. फलकावरचं धुळीचं पुट आणि रंग उडालेले पट्टे दर दिवाळीला बघा. आणि ती मोजणीची वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, पहिल्या पानावर रस्त्याचा क्रमांक, साखळी, आवक क्रमांक आणि दुसरी खूण ज्या खांबाजवळ आहे त्या खांबाचा नंबर लिहून.